रागालाही सांडवा लागतो



या सदरात आपण एरवी सोयाबीनवरचा चक्री भुंगा, हरभऱ्यावरची घाटे अळी, नाही तर कर्जाचे कागदपत्र यांवर बोलतो. आजचा विषय वेगळा आहे, आणि तो घरातल्या पुरुषांनी मुद्दाम वाचावा. स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन होऊन बाई घरी येते. टाके सुकतात. भेटायला येणाऱ्यांची गर्दी ओसरते. आणि मग घरात एक राग सुरू होतो. त्याचे काय करावे हे ना तिला कळत, ना घरच्यांना.

गेल्या रब्बीत अहमदपूरच्या पुढे एका गावी हरभऱ्याचे प्लॉट बघत होतो. शेतकरी बांधावर आला, अळीविषयी दोन प्रश्न विचारले आणि गप्प झाला. मग म्हणाला, "साहेब, घरात बोलायची सोय राहिली नाही बगा. तांब्या भिरकावती, लेकराला मारती, अन् मंग रातभर बसून राहती. आता म्हणायली, शेक घ्यायला जायचंच नाही." त्याच्या बायकोचे ऑपरेशन होऊन दोन महिने झाले होते. विचारायला त्याला दुसरे कोणी नव्हते. मी शेतीचा पदवीधर, डॉक्टर नव्हे. पण बांधावर येणारा सरकारी माणूस तेवढाच असतो, म्हणून लोक आम्हाला सगळेच विचारतात. नंतर मी एका रुग्णालयातल्या समुपदेशक बाईंना गाठले. त्यांनी जे सांगितले आणि पुढे जे वाचनात आले, ते इथे देतो आहे.

आधी त्या शेवटच्या वाक्याकडे वळू, कारण खरा धोका तिथे आहे. आपल्याकडे ज्याला शेक किंवा लाइट म्हणतात तो किरणोपचार. तो सहसा आठवड्यातून पाच दिवस, असा तीन ते पाच आठवडे चालतो. गाठ काढली तरी नजरेला न दिसणाऱ्या पेशी उरलेल्या असू शकतात, त्यांच्यासाठी तो असतो. तो अर्ध्यावर सोडणे म्हणजे फवारणीचा एक डोस मारून पंप ठेवून देणे. नांदेड-लातूरच्या बायका उपचाराला मुंबईच्या टाटा रुग्णालयात जातात, बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात जातात, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात जातात, लातुरातच विवेकानंद रुग्णालयातही उपचार घेतात. कुठेही असो, घर सोडून आठवडेच्या आठवडे राहावे लागते. रागाच्या भरात 'मी येत नाही' म्हणणारी बाई आणि 'नको तर नको' म्हणणारे घर, अशा जोडीमुळे उपचार तुटतो. तेव्हा हा राग भांड्यांपुरता राहत नाही, तिच्या आयुष्यापर्यंत जातो.

राग येतो कशाने? घरचे म्हणतात, 'वाचली ना, मग आता कशाचा राग?' तिच्या जागी बसून पाहा. अंगाचा एक भाग गेला आहे. गाठ लागली तेव्हा तिने सांगितले होते, पण सोयाबीनची काढणी चालू होती, मग दिवाळी आली, मग पोरीचे बघणे निघाले. रुग्णालयात डॉक्टर बोलले ते नवऱ्याशी, नाही तर दिराशी. अंगठा मात्र तिचा घेतला. घरी आल्यावर बायका पदराकडे बघत बोलतात. कोणी म्हणते मागच्या जन्मीचे असेल. कोणी तिचे ताट-पेला वेगळे ठेवते. इथे ठासून सांगतो, कर्करोग शिवल्याने होत नाही, उष्ट्याने होत नाही, एका अंथरुणात झोपल्याने होत नाही. नवऱ्याने बाज अंगणात नेली असेल तर ती परत आत आणावी.

शिवाय या रागातला काही भाग शरीरातूनच येतो. काखेतल्या गाठी काढताना तिथल्या बारीक नसा दुखावतात, त्यामुळे दंडाच्या आतल्या बाजूला बधिरपणा आणि मध्येच वीज गेल्यासारखी कळ, असे महिनोन् महिने चालू शकते. सलाइनमधल्या औषधांनी कित्येकींची पाळी एकाएकी बंद होते, अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने जाग येते. त्या औषधांबरोबर उलटी होऊ नये म्हणून बहुतेक वेळा स्टिरॉइडही देतात, त्यानेही झोप उडते आणि चिडचिड वाढते. चार रात्री झोपेविना काढलेला गडी बैलाला विनाकारण चाबूक मारतो, हे आपण बघितलेले आहे. तेव्हा 'हिचा स्वभावच बदलला' असा निकाल देण्याची घाई करू नका, आणि या तक्रारी पुढच्या खेपेला डॉक्टरांना नक्की सांगा. पुष्कळशा गोष्टींवर औषध आहे.

आपण बायकांच्या रागाला फार भितो. माहूरला रेणुकामातेचा नुसता मुखवटा पुजला जातो, धड नाही. त्या उग्र शेंदरी मुखापुढे आपण हात जोडतो, विडा देतो, आणि मूर्ती अपुरी आहे असे कोणाच्या मनातही येत नाही. देवीचा राग चालतो, घरातल्या बाईचा चालत नाही. असो.

त्या समुपदेशक बाईंनी मला विचारले, "तुम्ही नाला बांध घालता तेव्हा सांडवा का ठेवता?" मला उत्तर द्यायला वेळ लागला नाही. मातीच्या बांधाला सांडवा नसला तर पाणी माथ्यावरून जाते, माती कापते, आणि एका रात्रीत बांध फुटतो. म्हणून एका अंगाला, कठीण मुरमाच्या जागी, बांधाच्या माथ्यापेक्षा खाली सांडवा काढायचा. जास्तीचे पाणी तिथून जाते, बांध राहतो. अडवलेले पाणी जिरते आणि खालच्या विहिरींना उतरते. बाई म्हणाल्या, "रागाचे तसेच करतो आम्ही. 'शांत हो, शांत हो' म्हणणे म्हणजे बांधाची उंची वाढवत नेणे. आम्ही सांडवा काढतो." तो कसा काढायचा, तर मनात चित्र बघून. डोळे मिटून बसायचे, कोणीतरी सावकाश आवाजात सांगत जायचे, आणि ऐकणारीने ते मनासमोर आणायचे. नुसते दृश्य नाही. वास, आवाज, पायाखालची माती, वाऱ्याचा गारवा, सगळे.

हे काही परके नाही. आपल्याकडे मानसपूजा आहेच. डोळे मिटून विठ्ठलाला मनातच स्नान घालायचे, गंध लावायचे, तुळस वाहायची, एकेक पायरी. ज्याला वारीला जाता येत नाही तो घरी बसून मनानेच वाट चालतो. आणि राग शब्दांतून बाहेर घालवणेही आपल्या बायकांना ठाऊक होते. जात्यावर बसून त्यांनी सासूला, नवऱ्याला, दैवाला जे सुनावले आहे ते ओव्यांतून आजही वाचता येते. हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांनी अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्यांत आपल्या मराठवाड्यातल्या, माजलगावच्या बायकांच्याही आहेत. आता जाते गेले, पिठाची गिरणी आली. गिरणीपुढे उभे राहून ओवी म्हणता येत नाही.

कर्करोगाच्या उपचारात हा प्रकार १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या कार्ल सायमंटन या किरणोपचाराच्या डॉक्टरांनी गाजवला. रोग्याने आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी रोगाला खाऊन टाकताहेत असे चित्र मनात आणावे, असे ते सांगत. त्याने आयुष्य वाढते असा दावाही झाला, पण तो सिद्ध झाला नाही. पुढे स्कॉटलंडमध्ये अॅबरडीन येथे लेस्ली वॉकर आणि सहकाऱ्यांनी नीट तुलना करून पाहिली आणि १९९९ साली निष्कर्ष छापले. स्तनाच्या कर्करोगाची औषधे घेणाऱ्या ९६ बायका होत्या. औषधे सगळ्यांना मिळाली, पण काहींना त्याबरोबर शरीर सैल सोडण्याची आणि मनात चित्र बघण्याची सवय लावली. गाठीवर औषधाचा जो परिणाम झाला तो दोन्हीकडे सारखाच निघाला, म्हणजे चित्र बघून गाठ जास्त विरघळली नाही. पण चित्र बघणाऱ्या बायकांचे दिवस बरे गेले, आणि भावना आतल्या आत कोंडून ठेवण्याचे त्यांचे प्रमाण कमी झाले. मला हा निष्कर्ष फार प्रामाणिक वाटतो. कोणी बाबा-बुवा तुम्हाला 'डोळे मिटा, गाठ जाईल, ऑपरेशन नको' असे सांगू लागला तर त्याला दारातूनच परत पाठवा. हा उपाय औषधाच्या जागी घ्यायचा नाही. तो औषध पूर्ण करण्याची ताकद राहावी म्हणून घ्यायचा आहे.

आता करायचे कसे ते सांगतो. दिवसातून एक-दोनदा, पंधरा-वीस मिनिटे. दुपारचे जेवण होऊन घर निवांत झाले की बरे, रात्री झोपण्यापूर्वी आणखी बरे. राग भडकलेला असतानाच सुरुवात करू नये. सांडवा पावसाळ्याआधी काढायचा असतो, पूर आल्यावर कुदळ घेऊन धावून उपयोग नाही. आठ-दहा दिवस शांत वेळी सवय झाली की मग रागाच्या वेळीही ते चित्र हाताशी येते. वाचणारे माणूस तिच्या विश्वासातले हवे. मुलगी, बहीण, जाऊ, नवराही चालेल. वाचताना घाई नको, वाक्यावाक्याला थांबायचे. खालचा मजकूर मी त्या बाईंच्या सांगण्यावरून आपल्या भागाला जुळेल असा लिहिला आहे. लेक आईला वाचून दाखवते आहे असे धरा.

"आई, बाजेवर टेक. ऑपरेशनच्या बाजूचा हात उशीवर ठेव. डोळे मिटावेसे वाटले तर मिट, नाही तर समोरच्या भिंतीकडे नुसती बघत राहा. श्वास आत घे. सोडताना लांबव, चुलीवर फुंकणी धरतेस तशी, पण हळू. अजून एकदा. पाय जड होऊ दे. पोटऱ्या सैल सोड. पोट सैल सोड. कपाळाची आठी जाऊ दे.

"आता मोठा पाऊस पडून गेला आहे. आपल्या नाल्याच्या वर, उंचावर, लिंबाच्या झाडाखाली तू उभी आहेस. पाणी तुझ्यापासून लांब आहे. ओल्या मातीचा वास येतो आहे. नाला गढूळ आहे, भरून चालला आहे. त्यात काय काय वाहून येते आहे ते बघ. काटक्या आहेत, पालापाचोळा आहे. तुला जे कोणी बोलले तेही आहे. तुला जे विचारायला पाहिजे होते आणि कोणी विचारले नाही, तेही आहे. कोणाचे नाव घ्यावेसे वाटले तर घे. शिवी द्यावीशी वाटली तर दे. मी ऐकते आहे, कोणाला सांगणार नाही.

(इथे बराच वेळ थांबावे. रडू आले तर येऊ द्यावे.)

"पाणी आता बांधाला लागले आहे. एका अंगाला सांडवा आहे, दगड बसवलेला. पाणी तिकडे वळले आहे. सांडव्यावरून पडते आहे. आवाज ऐक. जेवढे जायचे तेवढे जाऊ दे. बांध जागेवर आहे. तू जागेवर आहेस.

"आवाज हळूहळू कमी होतो आहे. मागे उरलेले पाणी निवळते आहे. आता तू विहिरीकडे चल. पाणी वरच्या पायरीपर्यंत आले आहे. पायरीवर बस, पाय पाण्यात सोड. गार आहे. लांब कुठे टिटवी ओरडते आहे. तुला कोणी बोलावत नाही, कुठे जायची घाई नाही. बस थोडा वेळ.

(थांबावे.)

"आता बाजेची सुंभ पाठीला लागते आहे बघ. बोटे हलव. सावकाश डोळे उघड. पाणी घे."

एवढेच. संपल्यावर 'उतरला का राग?' असे विचारू नका. चहा करा.

समुपदेशकांच्या ध्वनिफितींत पुष्कळदा समुद्रकिनारा असतो, लाटा असतात. ज्या लातूरला १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून रेल्वेने प्यायचे पाणी आणावे लागले, तिथल्या बाईला समुद्र काय करायचा? तिला भरलेली विहीर द्या. अर्थात नाला आणि सांडवा हे माझ्या खात्यातले चित्र आहे, तेच सगळ्यांना लागू पडेल असे नाही. एक बाई म्हणाली, माझा राग पाण्यासारखा नाहीच, तो हुरड्याच्या आगटीसारखा आहे, वरून राख आणि आत निखारा. मग तिने तेच चित्र घेतले. गोवऱ्या रचायच्या, पेटवायच्या, लांब बसून जळू द्यायच्या, राख होईपर्यंत. कोणाचा राग उधळलेला बैल असतो. त्याला उघड्या माळावर पळू द्यावे, दमला की तो आपसूक गोठ्याकडे येतो. चित्र तिचे असावे, सांगणाऱ्याचे नसावे. गोदावरीच्या पुरात घर गेलेले असेल तर पुराचे चित्र चुकूनही घेऊ नका. आणि डोळे मिटले की भीतीच वाटते, छाती धडधडते, नको ते आठवते असे होत असेल तर तिथेच थांबावे, डोळे उघडावे, पाय जमिनीला टेकवावेत. पुन्हा करायचे ते जाणकाराच्या सोबतीनेच.

घरच्यांसाठी दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. तिच्या हातातून सगळी कामे काढून घेऊ नका. हा राग पुष्कळदा 'आता माझा काही उपयोग नाही' यातून येतो. मात्र काखेतल्या गाठी काढलेल्या असतील तर त्या बाजूचा हात सुजण्याचा धोका राहतो, कधी वर्षांनंतरही. भरलेली घागर त्या हाताने किंवा त्या काखेत नको. त्या हाताला विळ्याची कापणी, चुलीचा चटका, काटा, काहीही लागू देऊ नये. लागले तर लगेच धुऊन औषध लावावे. करडईच्या काढणीला आणि कापूस वेचायला तिला पाठवायचेच नाही, काट्यांची आणि बोंडांची ओरखड त्या हाताला परवडत नाही. रक्त तपासायला सुई किंवा रक्तदाबाचा पट्टा शक्यतो दुसऱ्या हाताला लावायला सांगावे. त्याऐवजी बियाणे निवडणे, दुधाचा हिशेब, मजुरांची हजेरी ही कामे तिच्याकडे द्या. घरातला व्यवहार तिला विचारून करा. त्या अहमदपूरकडच्या शेतकऱ्याला मी एवढेच सांगितले होते की पुढच्या तारखेला डॉक्टरांसमोर तू बोलू नको, तिला बोलू दे.

दुसरी गोष्ट गंभीर आहे. राग एकाएकी थांबला, ती बोलेनाशी झाली, जेवण सोडले, 'माझ्यामागे लेकरांचे बघा' असे म्हणू लागली, तर त्याला शांत झाली असे समजू नका. त्या दिवसापासून तिला एकटे ठेवू नका. घरातली कीटकनाशके आणि तणनाशके कुलपात ठेवा, किल्ली तिसऱ्याकडे द्या. माझ्या नोकरीत फवारणीचे औषध घराच्या कोनाड्यात, मिठाच्या बरणीशेजारी ठेवलेले मी इतक्या ठिकाणी पाहिले आहे की हे वेगळे सांगावेच लागते. आशाताईंना सांगा, जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात न्या. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे, फोन फुकट लागतो, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येते.

पैशामुळे उपचार थांबवू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे ऑपरेशन, सलाइनमधली औषधे आणि किरणोपचार हे तिन्ही येतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात, रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधी त्यांना भेटा.

घरात वाचणारे कोणी नसेल तर वरचा मजकूर शाळेतल्या बाईंकडून किंवा अंगणवाडी ताईंकडून मोबाइलमध्ये आवाजात भरून घ्या. उपचारासाठी मुंबईला किंवा बार्शीला राहायची वेळ आली तर तो तिथेही ऐकता येतो. उदगीरकडच्या एका घरात तो आवाज चौथीतल्या नातवाचा आहे. जोडाक्षरापाशी तो अडखळतो, 'सांडव्यावरून' हा शब्द त्याला तीनदा म्हणावा लागला आहे. आजीने दुसऱ्या कोणाकडून भरून घ्यायला नकार दिला.